सबनीसकाकांच्या घरची एंजलची अंडी

वीज गेली की पनवेलमध्ये लोक मेणबत्त्या शोधायचे आणि माझ्या दुकानातला फोन वाजायला लागायचा. पलीकडचा आवाज घाबरलेला असायचा. "अहो म्हात्रे, मासे वर येऊन तोंड उघडतायत!" हे एक वाक्य मी पनवेलमध्ये किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

शोभेच्या माशांचं दुकान मी सत्तावीस वर्षं चालवलं. आता ते बंद केलं आहे. हल्ली बॅटरीवर चालणारे छोटे पंप मिळतात, घरोघर इन्व्हर्टर आहेत, त्यामुळे वीज गेल्याची धास्ती माशांना फारशी राहिलेली नाही. मी सांगतो आहे ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. तेव्हा वीज गेली की काचेच्या टँकमधला एअर पंप बंद, बुडबुडे बंद, आणि माशांचा श्वास आपल्या हातात.

ज्यांनी कधी मासे पाळले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मासा पाण्यात विरघळलेल्या हवेवर जगतो. ती हवा पाण्याच्या वरच्या पातळीतून आत शिरते. पंपाचे बुडबुडे पाणी खालीवर ढवळत राहतात, म्हणून आतल्या प्रत्येक माशापर्यंत ती पोचते. पाणी स्तब्ध झालं की तळाची हवा आधी संपते आणि मासे वर येऊन धापा टाकायला लागतात. हे मला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांनी शिकवलं. ते फळ्यावर लिहीत होते आणि मला माझे वडील दिसत होते. चिरनेरच्या बाजूला आमचं गाव. वडील मिठागरावर मजुरी करायचे. पावसाळ्यानंतर ते खाडीतून जिताडा माशाची बोटभर पिल्लं पकडायचे आणि हंड्यात घालून गावच्या तळ्यात सोडायला आणायचे. तासाभराची वाट. हंडा काखेत, आणि दुसऱ्या हाताचा तळवा पाण्यात सारखा फिरता. वाटेत कोणी भेटलं, तंबाखू पुढे केली, तरी तो हात थांबायचा नाही. मला वाटायचं, पिल्लं घाबरू नयेत म्हणून ते त्यांना कुरवाळतात. त्या वर्गात मला कळलं की माझे निरक्षर वडील स्वतःच पंप झालेले असत.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्यासाठी मी कोणाकोणाचा ऋणी आहे ते लिहायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. पण पदवी घेऊन मी माशांचं दुकान काढलं तेव्हा आईने कपाळावर हात मारला. "मासं खायाचं सोरून त्यांना चारतस? याच्यासाठी कालेजात गेलतास?" तिचं समाधान मला शेवटपर्यंत करता आलं नाही.

वीज गेल्यावर काय करायचं, याचा एक कागद मी छापून घेतला होता आणि टँक घेणाऱ्या प्रत्येकाला देत असे. खायला घालू नका. झाकण काढून ठेवा. मगने पाणी उचला आणि वीतभर उंचीवरून हळू सोडा. कागद सोपा होता, तरी माणसं आपलं डोकं चालवायचीच. एका बाईंनी अंधारात बिचाऱ्यांना करमत नसेल म्हणून दुप्पट खाऊ घातला. तो सडला आणि सकाळपर्यंत सगळे मासे गेले. बाजारपेठेतले एक कापडवाले शेठ तर मला कायमचे लक्षात राहिले. त्यांचा फोन आला, "म्हात्रेभाई, जल्दी या, मासे आडवे पडले." मी सायकल हाणत पोचलो. टँकशेजारी गोटी सोड्याच्या दोन रिकाम्या बाटल्या.

"शेठ, हे काय?"

"अरे, बुडबुडे पाहिजेत ना त्यांना? दुकानात सोडा होता. बुडबुडा तो बुडबुडा!"

सोड्यातला वायू म्हणजे आपण उच्छ्वासात टाकतो तो. माशांना गुंगी आली होती. बादलीत साठवलेलं पाणी घेऊन मी पाच गोल्डफिश त्यात टाकले आणि अर्धा तास पाणी वरून सोडत राहिलो. तिघे शुद्धीवर आले. शेठ खूश होऊन म्हणाले, "म्हणजे साठ टक्के पास!"

मग मी एक युक्ती काढली, आणि खोटं कशाला बोलू, तिचा मला फार अभिमान होता. हायवेवर टायरवाल्यांकडे लॉरीच्या जुन्या ट्यूब मिळायच्या. त्या पंक्चर काढून टम्म फुगवायच्या, तोंडाला बारीक नळी बसवायची आणि नळीवर सलाईनच्या सेटची ती चक्री लावायची, जिने थेंब कमीजास्त करतात. चक्री फिरवून हवा हळूहळू सोडली की एक ट्यूब तीन-चार तास बुडबुडे देते. अशा सहा ट्यूब मी तयार ठेवल्या होत्या. वीज गेली की त्या गळ्यात आणि हँडलला अडकवून सायकलवरून निघायचो. लोक हसायचे. मी म्हणायचो, हसा, पण मासे जगतात.

अशाच एका वर्षी ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दुसरा येऊन बसेपर्यंत दीड दिवस गेला. मला सांगायचं आहे ते त्या दीड दिवसाचं.

सबनीसकाका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. काकू नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्याही नुकत्याच निवृत्त झालेल्या. चार महिन्यांपूर्वी काका न्हाणीघरात घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं आणि ते खाटेला खिळले. खाटेसमोरच्या भिंतीला तीन फुटी टँक होता. त्यात एंजल माशांची एक जोडी. एंजल म्हणजे उभट, पतंगासारखा चपटा, चंदेरी अंगावर काळे पट्टे असलेला मासा. पडल्यापासून काकांची दुनिया म्हणजे तो टँक. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस, आता माशांची मोजणी करायचा. नर किती वाजता कोपऱ्यात गेला, मादी किती वेळा वळली, सगळं वहीत.

या जोडीने चार महिन्यांत पाच वेळा अंडी घातली होती आणि पाचही वेळा रातोरात खाऊन टाकली होती. एंजल असं करतात, म्हणून आमच्या धंद्यात रीत अशी की अंडी घालून झाली की लगेच आईबापांपासून काढायची. मी दुकानात कायम तेच करायचो. काकूंनी शाळेतली एक दगडी पाटी चौकट काढून टँकमध्ये उभी करून दिली होती. मासे तिच्यावरच अंडी घालत. पण काका मला निरोप धाडेपर्यंत, मी येईपर्यंत पाटी कोरी झालेली असायची.

सहाव्या वेळी मी वेळेत पोचलो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंडी घालून झाली होती. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, मधाच्या रंगाची, ओळीने चिकटवलेली दोन-अडीचशे अंडी. मी पाटी अलगद काढली, काचेच्या मोठ्या बरणीत उभी केली, बुरशी लागू नये म्हणून निळं औषध घातलं आणि एअर पंपाची नळी सोडली. अंड्यांवरून पाणी सतत फिरत राहिलं पाहिजे. ते थांबलं तर अंडी आतल्या आत गुदमरतात आणि पांढरी पडतात.

काका खाटेवरून बघत होते. मला ते नावाने कधी हाक मारत नसत.

"बी.एस्सी., या वेळी जगतील?"

"जगतील, काका."

"बघ हां. या वेळीही गेली ना, तर तुझी ही पेटी उचलून घेऊन जा. मला नाही बघवत आता."

ते चेष्टेत बोलत नव्हते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. जाताना दारात म्हणाल्या, "तो टँक गेला तर ते दिवसभर भिंतीकडे बघत पडतील. डॉक्टर म्हणतात, आता उठून बसायला हवं. हे म्हणतात, कशासाठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वीज गेली.

मी पहिली ट्यूब घेऊन सबनीसांकडेच गेलो. टँकची मला काळजी नव्हती. एवढ्या पाण्यात दोनच मासे, शिवाय पाणवनस्पती भरपूर. धोका बरणीला होता. बरणीतल्या नळीला ट्यूब जोडली, चक्री फिरवून बुडबुडे बारीक केले आणि काकूंना सांगितलं, "बारा-साडेबारापर्यंत चालेल. त्याआधी मी भरलेली दुसरी घेऊन येतो." उरलेल्या पाच ट्यूब इतर घरी पोचवल्या. अकराला, चक्री सैल राहून लवकर रिकामी झालेली एक ट्यूब घेऊन युसुफभाईच्या पंक्चरच्या दुकानात गेलो. तो स्टुलावर वारा घेत बसला होता.

"युसुफभाई, हवा भरून द्या, घाई आहे."

"मियाँ, कंप्रेसर विजेवर चालतो. हवा कुठून देऊ? तोंडाने फुंकू?"

इतक्या ट्यूब मी त्याच्याकडून भरून घेतल्या होत्या आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. आतापर्यंत वीज जायची ती दोन-तीन तासांसाठी. एका ट्यूबमध्ये भागायचं. माझी सगळी युक्ती शेवटी त्याच विजेवर उभी होती. युसुफभाईला माझं तोंड बघून दया आली असावी. म्हणाला, "कोन गावाच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे, त्यांचा जनरेटर आहे. तिकडे जा. पण आज सगळा गाव तिकडेच असणार."

तसंच होतं. लॉरी, टेम्पो, रिक्षा, आणि शेवटी सायकलवर ट्यूब घेऊन मी. हवेसाठी मला दीड तास उभं राहावं लागलं. परत निघालो तर खडीवर सायकलचं पुढचं चाक बसलं. गळ्यात हवेने टम्म ट्यूब आणि चाकात हवा नाही, अशा अवस्थेत मी तीन मैल सायकल ढकलत आलो. सबनीसांच्या घरी पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

खाटेजवळ जमिनीवर ट्यूब चपटी पडली होती. बरणी रिकामी होती. निळं पाणी तेवढं होतं, पाटी नव्हती.

"काकू, पाटी?"

काकू टँककडे बघत हळू आवाजात म्हणाल्या, "एक वाजता बुडबुडे थांबले. वीस मिनिटं वाट पाहिली. मग हे म्हणाले, त्यांची त्यांना देऊन टाक."

मला राग आवरला नाही. "अहो, ते खातात! म्हणून तर काढली होती ना!"

"ओरडू नकोस," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, देवळात बोलतात तसा. "बरणीत मरणारच होती. खाल्ली तर खाल्ली, त्यांचीच आहेत. तू आधी खाली बस. आणि बघ."

मी जमिनीवर बसलो. टँकमध्ये दिवा नव्हता. खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा तेवढा पाण्यात उतरला होता. पाटी आपल्या जागी उभी होती, अंडी जशीच्या तशी होती, आणि मादी पाटीला जवळजवळ नाक लावून उभी होती. तिचं बाकी सगळं अंग स्थिर होतं. फक्त कल्ल्यामागचे दोन पारदर्शक पंख हलत होते, एका लयीत, न थांबता. पाटीजवळ एक बारीकसा केर तरंगत होता. त्या पंखांच्या वाऱ्याने तो अंड्यांवरून सरकत गेला, म्हणजे पाणी हलत होतं. थोड्या वेळाने नर आला. मादी बाजूला झाली आणि ती पुरती बाजूला होण्याआधीच त्याचे पंख सुरू झाले होते. मध्ये खंड नाही.

"सव्वा ते दीड मिनिटाला पाळी बदलते," काका कुजबुजले. उशीशी वही उघडी होती. "दोन तास होऊन गेले. एकदाही चुकलेले नाहीत. आणि बुडबुडे थांबल्यावर चार अंडी पांढरी पडली होती, तेवढीच उचलून टाकली तिने. वेचून."

एंजल मासे पंखांनी अंड्यांना वारा घालतात, हे वाक्य मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. दुकान काढल्यापासून हजारो अंडी हाताळली, पण हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, कारण मी त्यांना कधी पंख हलवूच दिले नव्हते. अंडी दिसली की पाटी उचलायची. ते खातात हे मला माहीत होतं ना!

मी तिथे किती वेळ बसलो कळलं नाही. शेवटी काकूंनी हळूच विचारलं, "मग पाच वेळा खाल्ली कशी?"

मी खोलीकडे पाहिलं आणि उत्तर मला दिसलं. टँकवरचा दिवा बंद होता. हा दिवा रात्री झोपेपर्यंत चालू ठेवा, काकांना नीट दिसेल, असं मीच सांगितलं होतं. ज्या फळीवर टँक, त्याच फळीवर पंप. तो घुरघुरायचा तेव्हा काचेला हात लावला तर थरथर जाणवायची. तो तिथे बसवलाही मीच होता. अंडी घातली की शेजारपाजारची माणसं बघायला यायची, काचेवर बोटं वाजवायची. दिवा, थरथर, माणसं. घाबरलेले मासे अंडी खातात, हेही त्याच पुस्तकात त्याच पानावर होतं. आज पहिल्यांदा त्या दोघांना अंधार आणि शांतता मिळाली होती.

मी हे सगळं काकांना सांगितलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "चूक मोजणीत नव्हती, मोजायची साखळी ठेवली त्या जागेत होती. होतं असं." सर्व्हेवाल्याने दिलेली ती माफी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीची घरं आटपून मी पुन्हा गेलो. वीज आली नव्हती. पाटीवर आता अंड्यांच्या जागी काहीतरी थरथरत होतं. डोक्याने चिकटलेली, केसाएवढ्या बारीक शेपट्या हलवणारी पिल्लं. मी, काकू, काका, तिघं श्वास धरून बघत होतो. तेवढ्यात मादीने तोंड उघडलं आणि चार-पाच पिल्लं आत घेतली.

"खातेय!" काका ओरडले आणि कोपर टेकून अर्धे उठले. "बी.एस्सी., खातेय ती! काढ, पाटी काढ!"

माझा हात पाण्यापर्यंत गेला होता. काकूंनी मनगट धरलं. "थांब रे. वेळ दे तिला."

मादी वळली. शेजारी एका रुंद पानाची वनस्पती होती, तिच्याजवळ गेली आणि पानावर फुंकर मारावी तशी ती पिल्लं तोंडातून सोडली. एकूण एक. ती पानाला चिकटली आणि शेपट्या हलवू लागली. नरानेही तसंच केलं. एक पिल्लू सुटून तळाकडे गटांगळ्या खात निघालं, तर त्याने खाली सूर मारून ते तोंडात झेललं आणि आणून पानावर ठेवलं. ज्या तोंडाला मी इतकी वर्षं घाबरत होतो, त्या तोंडाने तासाभरात पाटी रिकामी करून सगळं घर त्या पानावर नेलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. काका बसलेलेच होते. आपण उठून बसलो आहोत हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला गल्लीत एकदम ओरडा झाला. दिवे आले. टँकवरचा बल्ब भक्कन पेटला, पंप घुरघुरला आणि दोन्ही मासे दचकून विरुद्ध कोपऱ्यांत गेले.

"बंद कर! आधी बंद कर!" काका म्हणाले.

बटण शोधत बसण्याइतका वेळ नव्हता. मी दाराजवळच्या मेन स्विचचा खटका ओढला. सगळं घर काळोखात गेलं. समोरच्या घरातला उजेड खिडकीतून थोडासा टँकवर पडत होता. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळाने एक चंदेरी कड पानाजवळ सरकली आणि पंख हलायला लागले. मग दुसरी.

एवढ्यात समोरच्या बाईंची खिडकीतून हाक आली, "अहो सबनीसबाई, तुमच्याकडे अंधार कसा? आमच्याकडे आले की दिवे!"

आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या काकू खिडकीशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "नाही हो. आमच्याकडे नाही आले अजून."

त्या घरात पुढचे पाच दिवस दिवे आले नाहीत. काकू संध्याकाळी स्वयंपाकघरात कंदील लावायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. वीज असून अंधारात बसलेलं ते गल्लीतलं एकमेव घर. पाचव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. पानावर काही नव्हतं. दोन मोठे मासे सावकाश पोहत होते आणि त्यांच्याभोवती, पुढे-मागे, धुरासारखा एक पुंजका त्यांच्याबरोबर वळत होता. तो पुंजका म्हणजे पिल्लं.

काकांनी वहीत वेळ लिहिली. मग म्हणाले, "बी.एस्सी., आता दिवा लावायला हरकत नाही ना?"

मी टँककडे पाहिलं. पुस्तकात काय लिहिलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला.

"मला माहीत नाही, काका."

"मग राहू दे," ते म्हणाले, आणि सरकून मला खाटेवर बसायला जागा केली.